अडखळण्याची सोय

चाकण, रांजणगाव, सुपे या पट्ट्यातल्या कारखान्यांत हे दृश्य आता नवलाचं राहिलेलं नाही. मशीनशेजारी टेबल, टेबलावर मोबाईल. एका बाजूला जपानी इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला आपला शिफ्ट सुपरवायझर. इंजिनिअर त्याच्या भाषेत बोलतो आणि मोबाईल मराठीत विचारतो, ‘हे फिक्श्चर गुरुवारपर्यंत बदलून मिळेल का?’ प्रश्न पुरा व्हायच्या आधीच सुपरवायझरचं ‘हो, हो’ सुरू झालेलं असतं. मग तो म्हणतो, ‘बघतो साहेब. टूलरूमला जरा लोड आहे, पण बघतो.’ मोबाईल ते जपानीत सांगतो. दोघंही मान डोलावतात. नोंदवहीत ओळ पडते : फिक्श्चर बदल, गुरुवार, मान्य.

तपशील जागोजागी बदलतात, पण पुढचं सहसा असंच होतं. गुरुवारी फिक्श्चर जुनंच असतं. इंजिनिअरच्या लेखी समोरच्यानं शब्द देऊन मोडला. सुपरवायझरच्या लेखी त्यानं शब्द दिलाच नव्हता. साहेबाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं म्हणून त्यानं लोडचं नाव पुढे केलं होतं, आणि शहाण्या माणसाला तेवढं पुरायला हवं होतं. त्याचा ‘हो’ होकाराचा नव्हता, हुंकाराचा होता. मौज अशी की हे जपानी माणसाला सहज कळलं असतं. नुसतं ‘ऐकतोय’ सांगणारा ‘हाय’ त्याच्याही भाषेत आहे, आणि आडून नकार देण्याची रीत त्यालाही चांगली ठाऊक आहे. या बाबतीत दोघं एकमेकांना फारसे परके नाहीत. तरीही घोटाळा झाला, कारण दोघांमधून जे पलीकडे गेलं ते फक्त शब्द होते. लांबवलेला सूर, टूलरूमकडे गेलेली नजर, ‘जरा’ म्हणताना वाकडी झालेली मान, यातलं काही मोबाईलनं उचललं नाही.

अशा गोष्टी निघाल्या की चर्चा ठरल्या वाटेनं जाते. भाषांतर अजून अचूक हवं, यंत्राला संस्कृती शिकवायला हवी, अजून मजकूर गोळा करायला हवा. या मागण्या चुकीच्या नाहीत, पण मला त्या दुय्यम वाटतात. एका घरात, एका भाषेत, तीस वर्षं संसार केलेल्या नवराबायकोत गैरसमज होतात; दोन देशांतल्या अनोळखी माणसांत ते होणारच. खरा प्रश्न असा की झालेला गैरसमज कुणाच्या लक्षात येतो का, किती लवकर येतो, आणि येईपर्यंत त्याची किंमत कोण भरतं. या कसोटीवर आजचं यंत्र जितकं सुधारतंय तितकं एका अर्थी जोखमीचं होतंय. ते चुकतानाही अडखळत नाही.

दहा वर्षांपूर्वीचं यंत्रभाषांतर आठवून पाहा. आपण त्यावर हसायचो. कर्ता कुठे, क्रियापद कुठे, विभक्ती हरवलेली. पण त्या मोडक्या वाक्यात एक प्रामाणिकपणा होता : वाचणारा आपोआप सावध व्हायचा. गुगलनं नोव्हेंबर २०१६ मध्ये काही भाषांसाठी आपलं भाषांतर न्यूरल पद्धतीवर नेलं, एप्रिल २०१७ मध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांची पाळी आली, आणि वाक्यं एकदम सुबक झाली. अर्थ बरोबर असो वा भलता, वाक्य सारखंच घोटीव. चुकीच्या अंगावर पूर्वी जी खूण असायची ती पुसली गेली.

माणसामाणसांच्या मोडक्या बोलण्यात ही खूण अजून शाबूत आहे. मुंबईत मराठी आणि तमिळ माणूस एकमेकांशी हिंदीत बोलतात तेव्हा दोघांचंही लिंग-वचन डळमळीत असतं, आणि दोघांनाही ते माहीत असतं. म्हणून ते हळू बोलतात, हातवारे करतात, दर दोन वाक्यांनी ‘मतलब?’ विचारतात, रक्कम कागदावर लिहून दाखवतात. त्या व्यवहारात भाषा कच्ची असते पण काळजी पक्की असते.

ही उलट विचारण्याची सवय किती मूलभूत आहे यावर मार्क डिंगेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चांगला अभ्यास प्रसिद्ध केला. लाओपासून आइसलँडिकपर्यंत बारा भाषांमधली रोजची, घरगुती संभाषणं त्यांनी तपासली. त्यात आर्जेन्टिनातली मूकबधिरांची खुणांची भाषासुद्धा होती. सरासरी दर १.४ मिनिटांनी कुणीतरी कुणालातरी अडवतं : ‘अं?’, ‘कोण?’, ‘मंगळवारी म्हणालास ना?’ म्हणजे आपल्याच माणसांशी, आपल्याच भाषेत बोलतानाही दीड मिनिट सलग धकत नाही. संभाषण चालतं ते या डागडुजीवर.

आता मध्ये मोबाईल आणा. ‘अं?’ म्हटलेलं यंत्र एकतर गाळतं, नाहीतर त्याचं काहीतरी वाक्य करतं. पुन्हा विचारायचं तर पुन्हा बटण दाबा, पुन्हा थांबा, समोरचा माणूस ताटकळतोय हे बघा. त्यात आपल्याला वाक्य व्याकरणशुद्ध ऐकू आलेलं असतं, त्यामुळे न कळणं हा आपलाच मठ्ठपणा वाटतो. माणूस मान डोलावून पुढे जातो.

याहून बारीक एक अडचण जपानमधल्या नाओमी यामाशिता आणि तोरू इशिदा यांनी २००६ मध्येच दाखवून दिली होती. त्यांनी चिनी, कोरियन आणि जपानी बोलणाऱ्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येकाला आपापल्या भाषेत, यंत्रामार्फत बोलायला लावलं. काम साधं होतं : कागदावरच्या विचित्र आकृत्यांपैकी कुठली कुठली ते एकमेकांना पटवायचं. एकाच भाषेतली माणसं असं करतात तेव्हा एखाद्या आकृतीला पहिल्यांदा लांबलचक वर्णनानं ओळखतात, मग दोघांत एक छोटं नाव ठरतं आणि पुढे तेच चालतं. यंत्र मध्ये असताना हे जमेना. एकानं वापरलेला शब्द दुसऱ्यानं उचलून परत पाठवला तर तो पहिल्याकडे तसाच परत येत नव्हता, आणि वर्णन आखूड केलं की त्याचं भाषांतरच वेगळं होत होतं. दोन माणसांनी मिळून शब्द रुजवणं ही ओळख वाढण्याची पहिली पायरी. तीच निसटत होती. तेव्हापासून यंत्रं कितीतरी पुढे गेली आहेत. पण ‘तू म्हणालास तेच मी म्हणतोय’ ही खात्री दोघांनाही देणं, ही गोष्ट आजही फार थोड्या ॲप्सच्या डोक्यात आहे.

समजल्याचा भ्रम काय करू शकतो याचं जे उदाहरण दुभाष्यांच्या प्रशिक्षणात नेहमी सांगतात त्यात यंत्र नाहीच. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका रुग्णालयात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत आणलं. कुटुंब क्यूबातून आलेलं. घरच्यांनी ‘इंतोक्सिकादो’ म्हटलं. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलं. डॉक्टरांना त्यात नशेचा अतिरेक ऐकू आला आणि उपचार त्याच दिशेनं गेले. मेंदूतला रक्तस्राव लक्षात येईपर्यंत दोन दिवस गेले होते, मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले, आणि भरपाईची तडजोड सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरच्या घरात गेली. या प्रकरणात दुभाषा चुकला असं म्हणता येत नाही, कारण दुभाषा बोलावलाच नव्हता. दोन्ही बाजूंना वाटलं, आपलं बोलणं समोरच्याला कळलंय.

यंत्रानं हा भ्रम स्वस्त केला आणि घरोघरी पोचवला. ऑक्टोबर २०१७ मध्ये वेस्ट बँकमधल्या बेतार इलीत या वसाहतीत काम करणाऱ्या एका पॅलेस्टिनी मजुरानं बुलडोझरला टेकून काढलेला आपला फोटो फेसबुकवर टाकला आणि अरबीत शुभ सकाळ म्हटलं. फेसबुकच्या यंत्रानं हिब्रूत त्याचं ‘त्यांच्यावर हल्ला करा’ केलं. इस्रायली पोलिसांनी त्याला पकडलं, काही तास चौकशी केली, मग चूक उमगल्यावर सोडलं. अटकेआधी अरबी येणाऱ्या एकाही अधिकाऱ्यानं मूळ ओळ वाचली नव्हती.

ही गोष्ट नेहमी यंत्राची फजिती म्हणून सांगितली जाते. मला ती पोलिसांची वाटते. भाषांतर चुकलं हे खरंच. पण तीच चूक तेल अवीवमधल्या एखाद्या सुखवस्तू माणसाच्या फोटोखाली पडली असती तर वाचणारा हसून पुढे गेला असता. इथे फोटोत बुलडोझर होता, माणूस पॅलेस्टिनी होता, आणि बुलडोझरनं झालेले हल्ले पोलिसांच्या आठवणीत होते. संशय आधीपासून तयार होता. यंत्रानं त्याला फक्त वाक्य पुरवलं. आपण ज्याला सांस्कृतिक गैरसमज म्हणतो त्यात पुष्कळदा असंच असतं. शब्द यंत्राचे, अर्थ वाचणाऱ्याच्या पूर्वग्रहाचा.

आणि किंमत भरतो तो ज्याचं बोलणं भाषांतरित होतं तो. भाषांतर वाचणाऱ्याला सहसा काही भरावं लागत नाही. अमेरिकेत आश्रय मागणाऱ्या एका अफगाण स्त्रीचा अर्ज फेटाळला गेला, कारण तिची मुलाखत आणि लेखी जबानी जुळत नव्हती. मुलाखतीत ती एका प्रसंगात एकटी होती, कागदावर तिच्यासोबत माणसं होती. नंतर एका दुभाषी बाईच्या लक्षात आलं की यंत्रानं पश्तूतला ‘मी’ सगळीकडे ‘आम्ही’ करून टाकला होता. कागद वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्या वाक्यांत खटकण्यासारखं काहीच दिसलं नसेल.

तेव्हा यंत्राला माणसाच्या जागी बसवताना त्या जागी माणूस नेमकं काय करत होता ते बघायला हवं. आपल्याकडे याचा एक जुना आणि उत्तम दाखला आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवराज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन हजर होता. त्याच्याबरोबर कंपनीचा दुभाषा नारायण शेणवी. दरबारात इंग्रज मंडळी दूर उभी होती. ऑक्झिंडननं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय की महाराजांना नजर करायची हिऱ्याची अंगठी नारायण शेणव्यानं हात उंचावून धरली, महाराजांचं लक्ष गेलं आणि त्यांनी या मंडळींना सिंहासनाच्या पायथ्यापाशी बोलावून घेतलं. या क्षणी नारायण शेणवी एका शब्दाचंही भाषांतर करत नव्हता. कुठल्या घटकेला, कुठल्या अंतरावरून, काय वर धरायचं हे त्याला कळत होतं, आणि दुभाष्याचं निम्मं काम ते आहे.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत आज ओमान, येमेन, इराकमधले रुग्ण येतात, आणि त्यांच्यासाठी अरबी जाणणारे दुभाषे असतात. गाठीचा रिपोर्ट वाईट आलाय. डॉक्टर बोलायला लागतात. अनुभवी दुभाषा पहिल्या वाक्यानंतर थांबतो, थोरल्या मुलाकडे बघतो आणि डॉक्टरांना हळूच विचारतो, ‘थोडं बाहेर बोलू या का?’ आपल्या घरांतसुद्धा ‘आधी मुलाला सांगा, बाबांना लगेच नको’ हे डॉक्टरांच्या कानी पडतंच. टेबलावरचा मोबाईल मात्र रोगाचं नाव खणखणीत आवाजात, रुग्णाच्या तोंडासमोर, शुद्ध अरबीत उच्चारतो. भाषांतर शंभर टक्के बरोबर.

यावर आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. आपल्या आजाराचं नाव जाणून घेण्याचा हक्क रुग्णाचा. दुभाष्यानं किंवा मुलानं ते का दडवावं? मान्य. थांबणं नेहमी योग्यच असतं असं मी म्हणत नाही. थांबल्यामुळे रुग्णाला कसं आणि कुणासमोर ऐकायचंय हे विचारायला फट मिळते, एवढंच. आणि माणूस-दुभाष्यांची बाजूही फार उजळ नाही. दुभाषा म्हणून बसलेला पुतण्या निम्मं गाळतो, नवरा बायकोच्या वतीनं उत्तरं देतो, स्त्रीरोगतज्ज्ञांना हे रोजचं आहे. अशा ठिकाणी नवऱ्याला बाहेर पाठवून बाईच्या हातात मोबाईल देणं हा खरा सुटकेचा मार्ग ठरू शकतो. बांधकामावरच्या बंगाली किंवा ओडिया मजुराला यंत्र नव्हतं तेव्हा काही दुभाषा मिळत नव्हता. त्याच्याशी कुणी बोलतच नव्हतं. म्हणून यंत्र नको म्हणणाऱ्यांत मी नाही. यंत्र मध्ये आहे हे विसरायला लावणारी जी जाहिरातबाजी चालते, तिच्या मी विरोधात आहे.

कारण यंत्र कधीच नुसतं मध्ये नसतं. ते दर वाक्यात निवड करतं. मराठी आणि जपानी, मराठी आणि कोरियन अशा जोड्यांचा समांतर मजकूर फार थोडा आहे, म्हणून अनेक यंत्रणा मध्ये इंग्रजीचा पूल टाकतात. मराठीत आईला तू, देवाला तू, वडलांना बहुतेक घरांत अहो-जाहो. जपानी आणि कोरियनमध्येही मान-मर्यादेची उतरंड अशीच, किंबहुना जास्तच बारीक. म्हणजे दोन्ही टोकांना आदराची बारीक वीण, आणि मधल्या पुलावर सगळे एकाच ‘यू’मध्ये. पलीकडे पोचल्यावर यंत्र अंदाजानं नवा आदर शिवतं. साहेबाला तू आणि पोराला आपण. परतीच्या वाटेवर बाईचं ‘मी आले’ सहज ‘मी आलो’ होऊन येतं, आणि केरळमधून आलेली नर्स मराठी आजीशी पुरुषासारखी बोलते. आजी हसते, हरकत नाही. तीच गोष्ट पोलिसांपुढच्या जबाबात झाली तर कोण हसेल?

याला मोठ्या शोधाची गरज नाही. डीपएल या भाषांतर-सेवेनं काही भाषांसाठी औपचारिक की अनौपचारिक हे निवडायची सोय दिली. गुगलनं २०१८ मध्ये तुर्कीतून येणाऱ्या काही वाक्यांची पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी अशी दोन्ही भाषांतरं शेजारीशेजारी दाखवायला सुरुवात केली. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या सुधारणा मला अचूकतेच्या वाढत्या टक्क्यांपेक्षा मोलाच्या वाटतात. इथे आम्ही एक निवड केलीय, ती चुकीची असू शकते, हे यंत्र त्यातून कबूल करतं.

नव्या भाषा-मॉडेलांचे पुरस्कर्ते म्हणतील, आता हे सगळं जुनं झालं. आजच्या यंत्राला सांगा, समोर जपानी व्यवस्थापक आहे, त्याला पटेल असं बोल; ते बोलेल. खरंय, ते बोलतं, आणि इथेच मला जास्त धास्ती वाटते. आखातात काम करणारा आपला एखादा मजूर मोबाईलला सांगतो, ‘तीन महिने पगार नाही. उद्यापासून काम बंद.’ संस्कृती शिकलेलं यंत्र यातली धार घालवून त्याची विनंती करून देणार असेल तर बोललं कोण? उद्धटपणा हा कधीकधी माणसाकडे उरलेला शेवटचा ऐवज असतो. तो काढून घ्यायचा अधिकार भाषांतराला नाही. समोरच्याला हे फार कडक वाटेल, असा इशारा यंत्रानं बोलणाऱ्याला जरूर द्यावा. पण वाक्य बदलायचं की नाही हे बोलणाऱ्यालाच ठरवू द्यावं.

शिवाय संस्कृती म्हणून यंत्राला जे शिकवलं जातं ते बहुतेक ठोकताळेच असतात. भारतीय माणूस सरळ नकार देत नाही, असं शिकलेल्या यंत्राला पुण्यातल्या पाट्या वाचायला द्याव्यात. मग चाकणच्या सुपरवायझरनं सरळ नाही का म्हटलं नाही? तो भारतीय होता म्हणून नव्हे. समोरचा माणूस वरच्या खुर्चीतला होता म्हणून. हाच सुपरवायझर भंगारवाल्याला किंवा हाताखालच्या ट्रेनीला एका शब्दात वाटेला लावतो. ज्याच्यावर आपण संस्कृतीचं लेबल चिकटवतो त्यातलं पुष्कळसं पायरीचं असतं : कोण मालक, कोण नोकर, कुणाला वेळ आहे, कुणाची नोकरी जाऊ शकते. देशाचं नाव ऐकून वागणूक ठरवणारं यंत्र नेमकं हेच झाकून टाकतं, आणि गावाकडच्या वयस्क कोरियन माणसाला व सोलमधल्या पंचविशीतल्या पोरीला एकाच मापाचा अंगरखा घालतं.

मग करायचं काय? सगळ्यात स्वस्त उपाय यंत्राच्या आधीचा आहे. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात तिथल्या परदेशी रहिवाशांपर्यंत सूचना पोचल्या नाहीत. जपानी त्यांना कळत नव्हतं आणि सगळ्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यातून हिरोसाकी विद्यापीठातले काझुयुकी सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘यासाशी निहोंगो’, म्हणजे सोपी जपानी, घडवली. छोटी वाक्यं, रोजचे शब्द, सरकारी शब्दांना फाटा. ‘सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे’ याच्या जागी ‘उंचावर पळा’. पुढे जपानातल्या अनेक नगरपालिकांनी ती उचलली. यंत्रात काय घालतो यावर काय बाहेर पडेल हे ठरतं, हे आपल्या सरकारी मराठीला तर भिंतीवर लिहून द्यायला हवं. ‘सदरहू प्रकरणी सक्षम प्राधिकाऱ्याकडे विहित नमुन्यात’ हे मराठी माणसालाच कळत नाही. यंत्रानं ते आसामी मजुराला काय सांगावं?

बोलताना पाळायची गोष्ट खरं तर एकच आहे : हो-नाहीचा प्रश्न विचारू नये. ‘कळलं का?’ याचं उत्तर जगभर ‘हो’ असतं. त्याऐवजी समोरच्याकडून वदवून घ्यावं. चांगले डॉक्टर आणि परिचारिका हे करतात : गोळ्यांची पट्टी रुग्णाच्या हातात देऊन ‘आता उद्या सकाळी काय कराल ते दाखवा’. रुग्ण पांढरी गोळी जेवणाआधी ठेवतो की नंतर, हे टेबलावर डोळ्यांना दिसतं. कारखान्यात ‘गुरुवारपर्यंत होईल ना?’ ऐवजी ‘गुरुवारपर्यंत करायचं तर काय काय लागेल?’ विचारलं की टूलरूमचा लोड आपोआप बाहेर येतो. उलट भाषांतर करून ताळा बघावा, असा सल्ला सर्रास दिला जातो, त्यावर मात्र माझा फारसा विश्वास नाही. यंत्र पुष्कळदा जाताना केलेली चूक येताना स्वतःच निस्तरून घेतं आणि आपल्याला आपलं मूळ वाक्य जसंच्या तसं दाखवतं. बिघडलेला आदर, गेलेला सूर तर त्यात दिसतच नाही.

जिथे शरीर, पैसा किंवा कायदा आहे तिथे माणूस हवाच. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये आपत्कालीन विभागातून घरी जाणाऱ्या रुग्णांच्या सूचना गुगलकडून भाषांतरित करून तपासल्या. स्पॅनिशमध्ये ९२ टक्के वाक्यं बरोबर, चिनीत ८१ टक्के. गंभीर इजा होऊ शकेल अशा चुका स्पॅनिशमध्ये २ टक्के आणि चिनीत ८ टक्के. कागद हातात घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला त्यातली घातक ओळ कुठली हे कळायचा मार्ग नसतो. अमेरिकेच्या आरोग्य खात्यानं २०२४ मध्ये नियम केला की हक्क, लाभ किंवा अचूकता पणाला लागते अशा मजकुराचं यंत्रभाषांतर पात्र भाषांतरकारानं तपासलंच पाहिजे.

आपल्याकडे केंद्र सरकारनं २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हे यंत्रभाषांतराचं व्यासपीठ सुरू केलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाराणसीच्या काशी तमिळ संगमममध्ये पंतप्रधानांचं हिंदी भाषण त्यातून तमिळमध्ये ऐकवलं गेलं. काम कौतुकाचं आहे. पण भाषणात उलट प्रश्न विचारायची सोय कुठल्याच भाषेत नसते. कसोटी लागेल ती तलाठी कार्यालयात, रेशन दुकानात, सरकारी दवाखान्याच्या खिडकीत. तिथल्या ॲपमध्ये बोलायच्या बटणाइतकंच मोठं, त्याच्या शेजारी, ‘नाही कळलं’ हे बटण असावं आणि ते दाबल्यावर समोरच्या कर्मचाऱ्याला वाक्य बदलून, तोडून पुन्हा बोलावं लागावं. २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. जाऊ इच्छिणाऱ्यांना जर्मन शिकवायची योजना त्याबरोबर आली. या मुलांच्या खिशात मोबाईल असेलच. ‘जर्मन माणसं अशी असतात, तशी असतात’ या याद्या त्यांना पाठ करायला लावण्यापेक्षा ‘मला कळलं नाही, पुन्हा सांगा’ हे वरिष्ठापुढे न लाजता म्हणण्याचा सराव वर्गात करून घ्यावा. आपल्या शाळांनी हे म्हणणाऱ्याला बाकावर उभं केलेलं आहे, तेव्हा सराव बराच लागेल.

राहतो तो कागद. रुग्णाची संमती खरी आणि पुरेशा माहितीवर आधारलेली हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये स्पष्ट केलं. आता शस्त्रक्रियेआधीच्या संमतीपत्रावर ‘मला माझ्या भाषेत समजावून सांगितले’ अशी छापील ओळ असते आणि खाली अंगठा. समजावून सांगणारा मोबाईल असेल तर ही ओळ पुरत नाही. मोबाईलनं काय सांगितलं त्याचा आवाज जपून ठेवावा, आणि छापील ओळीच्या जागी चार रेघांची रिकामी चौकट असावी : आपल्याला काय झालंय, काय कापणार आहेत आणि नंतर काय होऊ शकतं, हे रुग्णानं स्वतःच्या शब्दांत सांगितलेलं, त्याच्याच भाषेत, भाषांतर न करता उतरवलेलं. उद्या वाद झाला तर मालद्याची बंगाली किंवा गंजामची ओडिया येणारा माणूस शोधून ती चौकट वाचून घेता येईल.